समाजकार्याची पदवी (बीएसडब्ल्यू): प्रवेशापासून पदवीपर्यंत काय काय पूर्ण करावे लागते

बारावीनंतर समाजकार्याची पदवी घ्यायचे ठरवलेल्या विद्यार्थ्याचा पहिला प्रश्न बहुधा टक्क्यांचा असतो. बॅचलर ऑफ सोशल वर्क, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या बीएसडब्ल्यूला, महाराष्ट्रातील विद्यापीठांत कला, वाणिज्य किंवा विज्ञान यांपैकी कोणत्याही शाखेतून बारावी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला अर्ज करता येतो, त्यामुळे पात्रतेची अट फारशी आडवी येत नाही. खरी परीक्षा प्रवेशानंतर सुरू होते, कारण ही पदवी वर्गात जेवढी मिळवावी लागते तेवढीच वस्तीत, रुग्णालयात, बालगृहात आणि तहसील कार्यालयात मिळवावी लागते. हे प्रत्यक्ष काम, म्हणजेच क्षेत्रकार्य, नेमके काय असते हे समजून न घेता प्रवेश घेतला तर पुढचे सारे जड जाते. म्हणून या लेखात प्रवेशाचा भाग थोडक्यात आणि क्षेत्रकार्याचा भाग सविस्तर दिला आहे.

महाविद्यालय निवडताना

भारतात समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षण १९३६ मध्ये मुंबईत सुरू झाले. त्या वेळच्या सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्कची आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली आहे. १९५५ मध्ये मुंबईतच सुरू झालेल्या निर्मला निकेतनमध्ये पदवी आणि पदव्युत्तर असे दोन्ही स्तर आहेत. नागपूरचे तिरपुडे महाविद्यालय समाजकार्याच्या शिक्षणासाठी ओळखले जाते, आणि विदर्भ व खानदेशात जिल्ह्याच्या गावी मराठी माध्यमातून शिकवणारी समाजकार्य महाविद्यालये आहेत. यांतील अनुदानित महाविद्यालयांचा कारभार राज्याच्या सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागाच्या अखत्यारीत येतो.

महाविद्यालयाचे नाव किती मोठे आहे यापेक्षा तेथील क्षेत्रकार्याची व्यवस्था कशी आहे हे पाहणे, माझ्या मते, जास्त गरजेचे आहे. विद्यार्थ्यांना कोणत्या संस्थांमध्ये पाठवले जाते, एका पर्यवेक्षक प्राध्यापकाकडे किती विद्यार्थी असतात, प्राध्यापक प्रत्यक्ष वस्तीत येतात की केवळ वह्यांवर सह्या करतात, आणि प्रवासाचा खर्च कोणी करायचा, हे प्रश्न प्रवेशापूर्वी कार्यालयात विचारावेत आणि तेच प्रश्न तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्यालाही विचारावेत. दोन्ही उत्तरे जुळली तर निर्धास्तपणे अर्ज भरावा. महाविद्यालय कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे आणि परीक्षेचे माध्यम कोणते, याची खात्री त्याच वेळी करून घ्यावी.

प्रवेशाची कागदपत्रे

प्रवेशाची पद्धत विद्यापीठागणिक आणि महाविद्यालयागणिक बदलते. कोठे बारावीच्या गुणांवर यादी लागते, तर कोठे लहानशी लेखी परीक्षा किंवा मुलाखत असते. मुलाखतीत पाठ केलेली वाक्ये उपयोगी पडत नाहीत. आपल्या गावातील किंवा वॉर्डातील एखादा प्रश्न, पाण्याचा असो, शाळागळतीचा असो की दारूचा, नीट पाहून त्याबद्दल चार वाक्ये स्वतःच्या शब्दांत सांगता आली तर तेवढे पुरे होते.

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, अधिवास प्रमाणपत्र आणि लागू असल्यास जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेयर व उत्पन्नाचा दाखला ही कागदपत्रे निकालाची वाट न पाहता आधीच तयार ठेवावीत, कारण निकालानंतर सेतू केंद्रांवर एकच गर्दी होते. राज्य मंडळाशिवाय अन्य मंडळातून बारावी झालेल्यांना स्थलांतर प्रमाणपत्र लागते आणि मध्ये शिक्षणात खंड पडला असल्यास त्याबद्दलचे प्रतिज्ञापत्र मागितले जाते.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावा लागतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची २.५ लाख रुपयांची मर्यादा आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेची चौकशी समाजकल्याण कार्यालयात अवश्य करावी. आधार क्रमांक बँक खात्याशी जोडलेला नसल्यामुळे पैसे अडकल्याच्या तक्रारी दरवर्षी ऐकू येतात, म्हणून ती जोडणी अर्जापूर्वीच तपासून घ्यावी.

श्रेयांक आणि वर्षे

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर पदवीची मोजणी श्रेयांकांत, म्हणजे क्रेडिटमध्ये, होते. एका सत्रात साधारण २० ते २२ श्रेयांक असतात. राज्याच्या आराखड्यानुसार तीन वर्षांत १२० ते १३२ श्रेयांक मिळवले की पदवी मिळते आणि चौथे वर्ष पूर्ण करून १६० ते १७६ श्रेयांक मिळवले की ऑनर्स पदवी मिळते. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर शिक्षण थांबवावे लागले तर ठरावीक जादा श्रेयांक पूर्ण करून अनुक्रमे प्रमाणपत्र किंवा पदविका घेऊन बाहेर पडता येते. घरच्या अडचणीमुळे मध्येच शिक्षण सोडावे लागणाऱ्या मुलींसाठी ही सोय फार मोलाची आहे, कारण मिळवलेले श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक पेढीच्या (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) खात्यात जमा राहतात आणि मुदतीत परत येऊन पुढचे शिक्षण घेता येते. हे खाते पहिल्याच सत्रात उघडावे आणि त्यावरील नाव बारावीच्या गुणपत्रिकेप्रमाणेच आहे ना, हे पाहावे.

तासिकांच्या विषयात एका श्रेयांकासाठी सत्रात १५ तास धरले जातात, तर क्षेत्रकार्यासारख्या प्रत्यक्ष कामात ३०. म्हणजे चार श्रेयांकांचे क्षेत्रकार्य असेल तर एका सत्रात १२० तास प्रत्यक्ष कामावर द्यावे लागतात आणि पंधरा आठवड्यांच्या सत्रात ते आठवड्याला आठ तास होतात. प्रवास आणि लेखन यांचा वेळ त्यात धरलेला नाही. अर्धवेळ नोकरी करून ही पदवी घेऊ पाहणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडावा.

विषयांची रचना तशी सर्वत्र सारखीच आहे. व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य आणि समुदाय संघटन या तीन मुख्य पद्धती, त्यांच्या जोडीला समाजकल्याण प्रशासन, सामाजिक संशोधन आणि सामाजिक कृती, तसेच पूरक म्हणून समाजशास्त्र, मानसशास्त्र, अर्थव्यवस्था आणि सामाजिक कायदे हे विषय असतात.

क्षेत्रकार्य

पहिल्या वर्षाची सुरुवात अभ्यासभेटींनी होते. बालगृह, वृद्धाश्रम, व्यसनमुक्ती केंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामपंचायत अशा ठिकाणी गट करून नेले जाते आणि संस्था कोणत्या कायद्याखाली वा योजनेखाली चालते, पैसा कोठून येतो, लाभार्थी कोण आहेत, याची नोंद करायला सांगितले जाते. त्यानंतर विद्यार्थ्याला एक संस्था किंवा वस्ती नेमून दिली जाते आणि तेथे आठवड्यातून बहुधा दोन दिवस नियमित जावे लागते. महाविद्यालयाचे पर्यवेक्षक आठवड्याला विद्यार्थ्याशी वैयक्तिक चर्चा करतात, तिला सगळे आयसी म्हणतात, आणि गटाची चर्चा असते ती जीसी. आयसी चुकवणे ही क्षेत्रकार्यातील सर्वांत महागात पडणारी सवय आहे, कारण कामातील गोंधळ तेथेच लक्षात येतो आणि अंतर्गत गुणही बऱ्याच अंशी तेथेच ठरतात.

प्रत्येक भेटीनंतर अहवाल लिहावा लागतो. त्याला महाविद्यालयात सरसकट रेकॉर्डिंग म्हणतात आणि विद्यार्थी सर्वांत जास्त अडखळतात ते येथेच. गृहभेटीनंतर एखादा विद्यार्थी असे लिहितो: «कुटुंब गरीब आहे. मुलाची आई दुःखी होती. मी तिला शिक्षणाचे महत्त्व समजावले.» यात काय पाहिले ते एकही वाक्य सांगत नाही. त्याच भेटीचा उपयोगी अहवाल असा होईल: «एका खोलीत पाच जण राहतात. मुलगा शाळेत का जात नाही असे विचारल्यावर आईने आधी त्याला बरे नसते असे सांगितले. थोड्या वेळाने ती म्हणाली की ती सकाळी धुणीभांडी करायला जाते आणि धाकटीला सांभाळायला घरी कोणी नसते. धाकटी साडेतीन वर्षांची आहे, तिचे नाव अंगणवाडीत घातलेले नाही. पुढच्या भेटीपूर्वी अंगणवाडीची वेळ विचारणे आणि सेविकेशी बोलणे.» दुसऱ्या अहवालात प्रश्नाचे मूळ दिसते, पुढचे पाऊल ठरते आणि पर्यवेक्षकाला मार्गदर्शन करायला काहीतरी हाती लागते. अहवाल त्याच दिवशी लिहावा. चार भेटींचे अहवाल एका रात्रीत लिहिले की कोण काय म्हणाले याची सरमिसळ होते आणि ती वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येते.

कचेरीचे काम शिकणे हाही क्षेत्रकार्याचाच भाग आहे. एखाद्या विधवा बाईंना संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज भरून द्यायचा म्हटले की उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, पतीच्या मृत्यूचा दाखला, रहिवासाचा पुरावा अशी एकेक गोष्ट गोळा करावी लागते. मृत्यूची नोंदच झालेली नसेल तर आधी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जावे लागते. विद्यार्थ्याने अर्ज स्वतः नेऊन देण्याऐवजी बाईंना सोबत घेऊन तहसील कार्यालयात जावे, खिडकीवर त्यांनाच बोलू द्यावे आणि पोच घ्यायला सांगावे. पुढच्या वेळी त्या एकट्या जाऊ शकल्या तर ते काम झाले असे मी मानतो.

अभ्यासक्रमात बहुधा ग्रामीण शिबिरही असते. काही दिवस एखाद्या गावी राहून गावाची पाहणी, घरोघरी सर्वेक्षण, श्रमदान आणि संध्याकाळचे कार्यक्रम असे त्याचे स्वरूप असते. मुलींना शिबिराला पाठवायला घरचे तयार नसतात ही अडचण अनेक ठिकाणी येते. शिबिराला गुण असतात आणि गैरहजेरीमुळे वर्ष अडचणीत येऊ शकते, म्हणून पालकांशी हे बोलणे प्रवेशाच्या वेळीच झालेले बरे. राहण्याची व्यवस्था आणि सोबत असणाऱ्या शिक्षिका यांची माहिती महाविद्यालयाकडून पालकांनी निःसंकोच मागावी.

विद्यार्थी छोट्या संस्थेत गेला तरी आपण कशाचा भाग आहोत हे त्याने जाणावे. अडचणीतील मुलांसाठी असलेली १०९८ ही चाइल्डलाइन सेवा १९९६ मध्ये टाटा संस्थेच्या प्रकल्पातून मुंबईत सुरू झाली. पोलीस ठाण्यात अत्याचारग्रस्त स्त्रियांना आधार देणारा महिला व मुलांसाठीचा विशेष कक्षही १९८४ मध्ये त्याच संस्थेच्या पुढाकाराने मुंबई पोलिसांसोबत उभा राहिला. दोन्ही कामे समाजकार्याचे शिक्षण देणाऱ्यांच्या क्षेत्रातील अनुभवातून वाढली आहेत.

न चुकता पाळायचे नियम

सेवार्थीची, म्हणजे आपण जिच्यासाठी काम करतो त्या व्यक्तीची, ओळख उघड करता येत नाही. अहवालात खरे नाव न लिहिता आद्याक्षर किंवा बदललेले नाव वापरावे आणि वस्तीतील मुलांचे फोटो व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर ठेवू नयेत. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या किंवा विधिसंघर्षग्रस्त (गुन्ह्याचा आरोप असलेल्या) बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. त्याहून गंभीर प्रसंग म्हणजे एखाद्या बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे किंवा होण्याची शक्यता असल्याचे समजणे. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ही माहिती पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि विद्यार्थीही त्याला अपवाद नाही. अशा वेळी गुप्ततेचे वचन देऊ नये, स्वतः चौकशी करत बसू नये आणि पर्यवेक्षकाला त्याच दिवशी सांगावे.

हजेरीची सर्वसाधारण अट ७५ टक्क्यांची असते, मात्र क्षेत्रकार्याच्या हजेरीत महाविद्यालये अधिक काटेकोर असतात. लेखी विषय राहिला तर एटीकेटीतून पुढच्या वर्गात जाता येते. क्षेत्रकार्यात अनुत्तीर्ण झाल्यास साधारणपणे ते काम पुन्हा पूर्ण करावे लागते, कारण त्याला तीन तासांची फेरपरीक्षा घेऊन चालत नाही.

पदवीनंतर आणि दूरशिक्षण

नियमित महाविद्यालय शक्य नसेल तर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची बीएसडब्ल्यू घेता येते, परंतु तेथेही क्षेत्रकार्य सक्तीचे आहे. घरी बसून ही पदवी मिळवून देतो असे कोणी सांगत असेल तर त्याला पैसे देऊ नयेत.

या पदवीवर स्वयंसेवी संस्था आणि शासकीय प्रकल्पांतील क्षेत्रपातळीवरची पदे मिळतात. वरच्या पदांसाठी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, लागते आणि काही ठिकाणी तेही पुरत नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार मनोविकार सामाजिक कार्यकर्ता (सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्कर) म्हणवून घेण्यासाठी समाजकार्यातील पदव्युत्तर पदवीनंतर दोन वर्षांचे पूर्णवेळ एम. फिल. आवश्यक आहे. रुग्णालयात काम करण्याची इच्छा असलेल्यांनी हा टप्पा आधीच लक्षात घेऊन दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी वैद्यकीय क्षेत्रातील संस्था मागून घ्यावी.

शेवटच्या सत्रात निकालाची वाट पाहत थांबू नये. तीनही वर्षे जेथे काम केले त्या प्रत्येक संस्थेकडून कालावधी, कामाचे स्वरूप आणि तास लिहिलेले, सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र संस्था सोडतानाच घ्यावे, कारण वर्षभरात तेथील कर्मचारी बदलतात आणि नंतर सही करणारे ओळखीचे कोणी उरत नाही. क्षेत्रकार्याचे अहवाल महाविद्यालयात जमा करण्यापूर्वी, पर्यवेक्षकांच्या परवानगीने आणि सेवार्थींची ओळख वगळून, निवडक पानांच्या प्रती काढून ठेवाव्यात. एमएसडब्ल्यूच्या मुलाखतीत «आपण कोणते काम केले» असे विचारले जाते, तेव्हा गुणपत्रिकेपेक्षा ही पाने अधिक उपयोगी पडतात.