ट्रायडॅक्ना शिंपला पाळताय? या चुका टाळा

ट्रायडॅक्ना म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये लाइटखाली पाळला जाणारा, रंगीत मांसल झालरीचा मोठा शिंपला. तो मेला की लोक लाइटला दोष देतात, पाण्याला देतात, दुकानदाराला देतात. मी इथे अमेरिकेत पाहिलेले बरेच शिंपले मात्र मालकाच्या घाईने मेले.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे दगडाला चिकटलेला शिंपला ओढून काढणं. क्रोशिया आणि मॅक्सिमा या जाती तळाच्या फटीतून बारीक, चिवट धागे सोडून दगड पकडतात. जोर लावला की धाग्यांऐवजी ते तयार करणारी ग्रंथीच मांसासकट उपटून येऊ शकते, आणि मग शिंपला सहसा वाचत नाही. ओळखीच्या एकाने निळा क्रोशिया असाच काढला, का तर टँकच्या मधोमध जास्त शोभेल म्हणून. "सहज सुटला," असं त्याने आनंदाने फोनवर सांगितलं. संध्याकाळी जाऊन पाहिलं तर खालून पांढऱ्या मांसाची चिंधी लोंबत होती. काही दिवसांत शिंपला आ वासून पडला. "उद्या बघू" म्हणत त्याने तो रात्रभर टँकमध्येच ठेवला. सकाळी पाणी दुधाळ, मासे वर येऊन श्वास घेताहेत. मेलेला शिंपला त्याच क्षणी बाहेर काढायचा असतो, यात उद्या नसतो.

मी हलवायची वेळच येऊ देत नाही. नवा शिंपला आधी वाळूवर, एका छोट्या चपट्या दगडावर ठेवते. तो त्या दगडाला धरतो, मग दगडासकट उचलून हवा तिथे न्यायचा. मोठ्या खडकाला चिकटलाच असेल तर धारदार ब्लेडने धागे खडकालगत कापा, शिंपल्यालगत नाही. डेरासा आणि स्क्वामोसा या जाती वाळूवर सुखाने राहतात. नवख्याने डेरासापासूनच सुरुवात करावी.

दुसरी चूक, कच्च्या टँकमध्ये शिंपला सोडणं. सायकल पूर्ण झाली, म्हणजे माशांची घाण पचवणारे जिवाणू टँकमध्ये रुजले, म्हणून टँक मुरला असं नाही. निदान सहा-आठ महिने थांबा. कॅल्शियम 400 ते 450 पीपीएम, अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) 8 ते 9 डीकेएच, विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या खारटपणाचं माप) 1.025 हे आकडे एकदा येऊन उपयोग नाही, ते टिकले पाहिजेत. बाटलीतली औषधं ओतून आठवड्यात टँक "तयार" करणाऱ्यांनी कृपया शिंपल्याच्या वाटेला जाऊ नये. आणि माशांच्या घाणीतून बनणारं नायट्रेट शून्यावर नेण्याचा हट्टही सोडा. शिंपला आणि त्याच्या अंगातलं शैवाल ते पाण्यातून घेतात.

माशांच्या रोगावरचं तांब्याचं औषध टँकमध्ये कधीच नाही, ते शिंपल्याला विष आहे.

एंजलफिश झालर कुरतडतात. शिंपला वारंवार मिटत असेल तर आधी माशांवर नजर ठेवा.

नवा शिंपला थेट तीव्र लाइटखाली ठेवू नका, काही आठवडे घेऊन हळूहळू वर न्या.

रात्री टॉर्च घेऊन शिंपल्याची कड आणि तळ तपासा. तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या गोगलगायी रस शोषतात. जुन्या टूथब्रशने त्या आणि त्यांच्या अंड्यांचे चिकट पुंजके घासून काढा, पण धाग्यांच्या फटीला धक्का लावू नका.

भारतातल्या वाचकांनी यातला कुठलाही शिंपला विकत घेऊ नये. मॅक्सिमा आणि स्क्वामोसा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्याच रांगेत. "मिळवून देतो" म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा.