पहिला फो मागवताना

आग्नेय आशियाई पदार्थांच्या साध्या, खिशाला परवडणाऱ्या हॉटेलात पहिल्यांदा जात असाल, तर सगळा मेन्यू पालथा घालू नका. एक सूप आणि एक भाताचा प्रकार मागवा, दोघांत वाटून खा. मी सुरुवात फो या व्हिएतनामी नूडल्सच्या सूपनं करते.

वाडगा समोर आला की आधी नुसता रस्सा चाखा. हाडं तासन्‌तास मंद आचेवर उकळून, चक्रीफूल आणि दालचिनी घालून केलेला तो रस्सा हाच फोचा जीव. मग लिंबू पिळा, तुळशीची पानं हातानं तोडून टाका, मुगाचे लांब मोड घाला. सॉस मात्र वाडग्यात ओतू नका. छोट्या वाटीत घ्या आणि मांसाचा तुकडा त्यात बुडवा. पहिल्या वेळी मी सगळं एकदम ओतलं आणि रश्शाची चव गेली, त्याची हळहळ अजून वाटते.

टॉम यम या आंबट-तिखट थाई सूपमधले गवती चहाचे दांडे आणि गलांगलच्या (आल्यासारख्या कंदाच्या) चकत्या चावायच्या नसतात, बाजूला काढा. थाई भात चमच्यानं खातात, काटा फक्त ढकलायला. तेव्हा चॉपस्टिकची धास्ती नको.

शाकाहारी असाल तर 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही. फिश सॉस, कोळंबीची पेस्ट आहे का, हे नावानिशी विचारा. सोम तम या कच्च्या पपईच्या थाई कोशिंबिरीत बहुतेकदा सुकट असते. शेंगदाण्याच्या सॉसमधलं इंडोनेशियन गाडो-गाडो निव्वळ भाज्यांचं वाटतं, पण तिथंही विचाराच.