तळमजल्यावर खोली वाढवताना: सोलापुरातील घरमालकांसाठी नियोजन आणि अंदाजपत्रक

आईला जिना चढवेनासा झाला, म्हणून आम्ही घरामागच्या मोकळ्या जागेत तिच्यासाठी 12 बाय 14 फुटांची खोली आणि तिला लागून संडास-बाथरूम बांधायचे ठरवले. ठेकेदाराने चौरस फुटाचा दर सांगितला, आम्ही त्याला क्षेत्रफळाने गुणले आणि त्यालाच अंदाजपत्रक समजलो. भिंती लिंटेलपर्यंत (दार-खिडकीवरच्या आडव्या तुळईपर्यंत) आल्यावर लक्षात आले की जुन्या ड्रेनेज चेंबरचा तळ अपेक्षेपेक्षा वर आहे आणि ठरलेल्या पातळीवरून सांडपाणी तिथवर वाहणारच नाही. अखेर बाथरूमची फरशी सात इंच उचलावी लागली. जिच्या गुडघ्यांसाठी खोली बांधली, तिच्याच वाटेत पायरी आली. ही चूक आजही मनाला लागते आणि इतरांच्या घरी ती होऊ नये, यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

नवी खोली बांधणे तुलनेने सोपे असते. वेळ आणि पैसा खातो तो जुन्या घराशी येणारा जोड: पायाचा, भिंतीचा, छताचा, सांडपाण्याचा आणि कागदपत्रांचा. त्यामुळे नियोजनाची सुरुवात या जोडांपासूनच करावी.

कागदपत्रे आधी

तळमजल्यावरची वाढ कितीही लहान असली तरी ती बांधकामच ठरते, आणि महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 नुसार तिला परवानगी लागते. सोलापूर महापालिकेच्या हद्दीत 2020 ची एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. भूखंडाचा आकार आणि समोरच्या रस्त्याची रुंदी यांवरून किती चटई क्षेत्र (एफएसआय, म्हणजे भूखंडावर मिळणारे एकूण बांधकाम) शिल्लक आहे आणि पुढे, मागे व बाजूला किती सामासिक अंतर (हद्दीपासून मोकळी ठेवायची जागा) सोडायचे, हे परवानाधारक अभियंता किंवा वास्तुविशारद काढून देतो. प्रॉपर्टी कार्डाचा किंवा सातबाराचा अलीकडचा उतारा, मूळ मंजूर नकाशा आणि घरपट्टीची भरलेली पावती एवढे घेऊन त्याच्याकडे जावे. शहराच्या वाढीव भागात अनेक भूखंड गुंठेवारीचे, म्हणजे मंजूर लेआउटशिवाय गुंठ्यांत तुकडे पाडून विकलेले, आहेत. तिथे आधी नियमितीकरण झाले आहे का, हे पाहिल्याशिवाय नकाशावर एक रुपयाही खर्च करू नये. हद्दीबाबत शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी. शेजाऱ्याशी तोंडी ठरलेली हद्द पुढच्या पिढीला मान्य असेलच असे नाही. बँकेचे कर्ज काढायचे असेल तर मंजूर नकाशा तसाही लागतोच.

मागची जागा मोकळी दिसते म्हणून ती बांधकामाला मिळतेच, असे नव्हे. ती सामासिक अंतराची असेल तर खोलीचा आकार बदला, पण कामाला परवानगीनंतरच हात घाला.

काळी माती आणि जुना पाया

सोलापूर परिसरातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात मोकळ्या प्लॉटवर उभे राहिले तर हाताचा पंजा आत जाईल एवढ्या भेगा दिसतात. त्या भेगांवर उथळ पाया घातला, तर दरवर्षी खोली थोडी वर उचलली जाईल आणि थोडी खाली बसेल. म्हणून बांधकाम ठरवण्यापूर्वी नव्या खोलीच्या दोन कोपऱ्यांत खड्डे घेऊन काळी माती किती खोल आहे आणि घट्ट मुरूम कुठे लागतो, हे प्रत्यक्ष पाहावे. एका कोपऱ्यात चार फुटांवर मुरूम आणि दुसऱ्यात सात फुटांवर, असा फरक एकाच प्लॉटमध्ये निघू शकतो. दोन खड्ड्यांची मजुरी किरकोळ असते. पण त्यांच्याशिवाय पायाचा आकडा केवळ अंदाज राहतो. पाया घट्ट थरावर न्यावा आणि जोत्यात भरावासाठी निघालेली काळी माती पुन्हा न टाकता मुरूमच वापरावा. तो थराथराने पाणी मारून धुम्मस करावा (ठोकून घट्ट बसवावा). निघालेली माती उचलून नेण्याचा खर्च वेगळा धरावा.

जुन्या भिंतीला लागून खोल चर एकदम सलग खणू नये. जुन्या पायाच्या तळाखाली जायचे असेल तर काम तुकड्यातुकड्याने करावे: एक टप्पा खणून, भरून झाल्यावरच पुढचा. सोलापूरच्या जुन्या पेठांतील घरांच्या भिंती बऱ्याचदा दगड-मातीच्या आणि भार वाहणाऱ्या असतात. 1993 च्या किल्लारी भूकंपात अशा जाड पण सुट्या दगडांच्या भिंती कोसळून किती जीव गेले, हे आपल्या भागाने जवळून पाहिले आहे. अशा भिंतीवर नव्या स्लॅबचा भार टाकू नये. नव्या खोलीला स्वतःचे कॉलम आणि बीम द्यावेत आणि जुन्या-नव्याच्या मध्ये सुमारे एक इंचाची फट मुद्दाम ठेवावी. ही फट नंतर लवचीक भरावाने आणि वरून पत्र्याच्या झाकणीने बंद करता येते. दोन्ही बांधकामे सिमेंटने पक्की चिकटवली, तर वेगवेगळ्या वेगाने बसणारे दोन पाया त्याच ठिकाणी तडा पाडतात. आतून दार काढताना आधी टेकू देऊन लिंटेल बसवावे आणि मगच खालची भिंत फोडावी. हा क्रम गवंड्यावर न सोपवता अभियंत्याकडून लिहून घ्यावा.

उतार, पातळी आणि उजेड

ड्रेनेजचे झाकण पहिल्याच दिवशी उघडा. एक सरळ काठी चेंबरच्या तळाला टेकवा, जमिनीच्या पातळीवर खूण करा आणि फुटपट्टीने मोजा. चार इंची पाइपला साधारण साठास एक एवढा उतार धरला, तर तीस फुटांच्या अंतरावर सहा इंचांची उतरण लागते. त्यात संडासाच्या सीटखालची आणि ट्रॅपची (दुर्गंधी अडवणाऱ्या, पाणी साठणाऱ्या वाकाची) खोली मिळवली, की नवी फरशी किती उंच हवी ते कळते. उतार मिळत नसेल तर संडासाची जागा बदलावी किंवा नवी लाइन दुसऱ्या बाजूने काढावी. हा निर्णय कागदावर असतानाच स्वस्तात होतो. वृद्धांसाठी खोली असेल तर जुन्या आणि नव्या फरशीची पातळी एकच ठेवावी, दाराची मोकळी रुंदी तीन फूट ठेवावी आणि बाथरूमच्या भिंतीत आधाराचा दांडा बसवायची जागा आधीच ठरवावी.

दुसरी हमखास चूक उजेडाची. मागे खोली वाढली की पूर्वीची मागची खिडकी आतल्या भिंतीत जाते आणि मधली खोली अंधारी व कोंदट होते. नकाशावर त्या खोलीला वारा कुठून मिळणार हे दाखवता येत नसेल, तर नव्या आणि जुन्या भागांमध्ये चार फुटांचा उघडा चौक सोडावा. थोडी जागा जाते, पण सोलापूरच्या 42-43 अंशांच्या उन्हाळ्यात त्या चौकाचे मोल कळते. पश्चिमेच्या भिंतीला मोठी खिडकी देऊ नये, आणि छतावर पांढरा थर किंवा चायना मोझॅक (चिनी मातीच्या फरशीच्या तुकड्यांचा थर) धरावा.

अंदाजपत्रक उलट्या बाजूने मांडा

आता पैशांकडे वळू. समजा तुमच्याकडे एकूण 10 लाख रुपये आहेत. आधी त्यातून दीड लाख आकस्मिक खर्चासाठी बाजूला काढा. नकाशा, परवानगी शुल्क आणि देखरेख यांसाठी 50 हजार धरा. जोडाच्या कामांसाठी, म्हणजे ड्रेनेज, भिंत फोडणे, जुन्या भागाची दुरुस्ती, वायरिंग आणि माती उचलणे यांसाठी एक लाख ठेवा. खोलीसाठी सात लाख उरले. हिशेबाच्या सोयीसाठी दर चौरस फुटाला 2,000 धरला तर 350 चौरस फूट बांधता येतात. थेट 10 लाखांना भागले असते तर 500 आले असते. हा दीडशे चौरस फुटांचा फरक म्हणजे स्लॅबनंतर पैशाअभावी थांबणारे काम. तुमच्या भागातील किमान तीन ठेकेदारांचे दर घेऊन हेच गणित करावे.

दर विचारताना तो केवळ मजुरीचा आहे की सामानासह, क्षेत्रफळ बाहेरून मोजायचे की आतून, छज्जा धरायचा की नाही, पायाचे काम किती खोलीपर्यंत दरात येते आणि सेंट्रिंग (स्लॅब ओतताना खाली लावायच्या फळ्या व टेकू) कोणाचे, हे लिहून घ्यावे. बहुतेक भांडणे यातल्याच एखाद्या शब्दावरून होतात. मजुरीवर काम द्यायचे असेल तर सामानाचा ताळमेळ स्वतः ठेवावा लागतो. एक नमुना देतो. 14 बाय 16 फुटांचा स्लॅब 224 चौरस फुटांचा होतो. जाडी पाच इंच असेल तर काँक्रीट सुमारे 93 घनफूट, म्हणजे एका ब्रासपेक्षा (100 घनफूट) थोडे कमी, लागते. हे 2.64 घनमीटर झाले. एम-20 या ताकदीच्या काँक्रीटसाठी घनमीटरला साधारण आठ पोती धरली तर 21-22 पोती पुरतात, बीम वेगळे. कोणी एकट्या स्लॅबसाठी 35 पोती सांगितली, तर हिशेब मागावा. सळईचे वजनही तपासता येते: व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करा आणि 162 ने भागा, की मीटरचे किलो मिळतात. 12 मिलिमीटरची 12 मीटर लांबीची सळई साधारण 10.7 किलो भरते. जुन्या अंदाजपत्रकावर काम करत असाल तर सिमेंटवरील जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्के झाला आहे, हे ध्यानात घेऊन दर नव्याने मागवावा.

पाण्याचा खर्च बहुतेक जण विसरतात. शहरात नळाला रोज पाणी येत नाही. एम-20 च्या मिश्रणाला पोत्यामागे साधारण 30 लिटर पाणी लागते, आणि क्युरिंगला (काँक्रीट ओले ठेवण्याला) त्याच्या कितीतरी पट. कोरड्या, उष्ण हवेत मिश्र सिमेंटच्या (राख किंवा स्लॅग मिसळलेल्या) काँक्रीटला 14 दिवस ओलावा द्यावा. त्यामुळे टँकरचे पैसे आणि साठवणुकीची टाकी अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीत हवी. बोअरचे पाणी खारट लागत असेल तर काँक्रीटसाठी वापरण्यापूर्वी तपासून घ्यावे. वाहते राहावे म्हणून काँक्रीटमध्ये जादा पाणी ओतू देऊ नये. तिथे वाचलेले कष्ट पुढे स्लॅबच्या गळतीत फेडावे लागतात.

कामाची वेळ

सोलापुरात सर्वाधिक पाऊस सप्टेंबरमध्ये होतो. पाया दसऱ्यानंतर खणायला घ्यावा, म्हणजे चर पाण्याने भरत नाहीत आणि स्लॅब जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत पडतो. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या गड्ड्याची यात्रा असते. नंदीध्वजांच्या दिवसांत मजूर येणार नाहीत हे गृहीत धरून स्लॅबची तारीख ठरवावी. एप्रिल-मेमध्ये स्लॅब टाकायची वेळ आलीच तर काम पहाटे सुरू करून ऊन चढण्यापूर्वी संपवावे. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू किमान सात दिवस, त्याहून मोठ्याचे 14 दिवस काढू देऊ नयेत. सेंट्रिंगवाल्याला फळ्या दुसरीकडे न्यायच्या असतात, तो घाई करणारच.

फरशी, रंग आणि दारे यांबाबत फार लिहीत नाही. हे काम पैसे पाहून पुढे-मागे करता येते. परवडणारी आणि टिकाऊ शहाबादी जवळच मिळते आणि ओसरीला ती शोभतेही.

ठेकेदाराचे हप्ते तारखेवर न देता टप्प्यावर द्यावेत: जोते, लिंटेल, स्लॅब, गिलावा, फरशी. शेवटचे पाच ते दहा टक्के पहिला चांगला पाऊस होईपर्यंत राखून ठेवायचे, हे करारातच लिहावे. सप्टेंबरमध्ये जोडाच्या जागी छताखाली ओल दिसते का, ते पाहावे. भिंतीवर बारीक तडा दिसला, तर त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून शेजारी तारीख लिहावी आणि मेमध्ये पुन्हा मोजावे. रेघ ओलांडून तडा पुढे गेला असेल, तर गिलावा भरण्यापूर्वी अभियंत्याला बोलवावे.