मुंबईहून विमान आहे? आधी कुठल्या मुंबईहून ते बघा

पुण्याच्या माणसाला लांबचं विमान पकडायचं म्हणजे आधी घाट उतरायचा, हे इतकं अंगवळणी पडलंय की ‘मुंबई एअरपोर्ट’ म्हटल्यावर पुढे आणखी काही विचारायचं असतं हे सुचतच नाही. 25 डिसेंबर 2025 पासून मात्र विचारावं लागतं. त्या दिवशी उलव्याहून, म्हणजे नवी मुंबईच्या विमानतळावरून, प्रवासी विमानं सुरू झाली. तेव्हापासून आमच्या सोसायटीत कुणाचं तिकीट निघालं की एकदा माझ्याकडे दाखवायला येतात. त्यामागे एक फजिती आहे, ती पुढे सांगतो. तोवर मी प्रत्येकाला जी उजळणी करायला लावतो, ती इथे उतरवून ठेवतो.

सुरुवात लोहगावपासून, म्हणजे पुण्याच्याच विमानतळापासून करा. मुंबईची तिकिटं उघडण्याआधी पुण्याहून थेट विमान आहे का ते बघा. जुलै 2024 पासून नवं टर्मिनल चालू आहे, देशातल्या बऱ्याच शहरांना इथून जाता येतं. धावपट्टी हवाई दलाची, परदेशी उड्डाणं मोजकी, हे खरं. पण नागपूर-बंगळूरला जायला मुंबई गाठणारे लोक मी पाहिलेत, कारण तिकीट दीड हजारानं स्वस्त दिसलं. त्या दीड हजारात जाण्या-येण्याचं गाडीभाडं, टोल, वाटेतला नाश्ता आणि मोडलेली अर्धी रजा मिळवा आणि मग बोला.

मुंबईच ठरली तर तिकिटावरची तीन अक्षरं वाचा. बीओएम म्हणजे आपलं जुनं, छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ. एनएमआय म्हणजे नवी मुंबई. बुकिंगच्या साइटवर ‘मुंबई’ टाकलं की दोन्हीकडची विमानं एकाच यादीत, किमतीच्या क्रमानं येतात, आणि आपली नजर किमतीवर असते. ही अक्षरं फारतर मोहरीएवढी असतात. पैसे भरायच्या आधी ती मोठ्यानं वाचायची, घरात दुसरं कुणी असेल तर त्याला ऐकवायची. बीओएम असेल तर टर्मिनलही वाचा, कारण तिथे पुन्हा दोन घरं आहेत. टी-1 सांताक्रूझ-पार्ल्याकडून, टी-2 सहारकडून. धावपट्ट्या त्याच, पण एका दारातून दुसऱ्या दाराशी चालत जाता येत नाही, गाडीनं वळसा घालावा लागतो. टी-1 देशांतर्गत आहे, पण म्हणून देशांतर्गत विमान टी-1 वरूनच सुटेल असं नाही. टी-2 वरूनही पुष्कळ सुटतात.

आता रस्ता. पुणेकराचा निर्णय खरा इथे होतो, म्हणून जरा सावकाश सांगतो. किवळ्यापासून कळंबोलीपर्यंतचा एक्स्प्रेसवे, साधारण 94 किलोमीटर, दोन्ही विमानतळांना सारखाच. तोच खंडाळ्याचा घाट, तोच खालापूरचा फूड मॉल, तेच कॅमेरे आणि तीच चलनं. फरक पडतो तो कळंबोली आल्यावर. तिथून उलवे दहा-बारा किलोमीटर. सहार, म्हणजे जुनं विमानतळ, चाळीसच्या आसपास, आणि ते चाळीस म्हणजे सायन-पनवेल रस्ता, वाशीचा खाडीपूल, मानखुर्द, चेंबूर, मग घाटकोपर किंवा कुर्ल्याकडून आत. पहाटे चारला हे अंतर तासाच्या आत कापलं जातं. सकाळी साडेनऊला त्याच अंतराला दोन तास लागले तरी तक्रार करायची नाही. म्हणून मी लोकांना अंतर विचारत नाही, विमान किती वाजता आहे ते विचारतो. मध्यरात्रीनंतरचं किंवा पहाटेचं उड्डाण असेल तर सहारचा जास्तीचा रस्ता फारसा बोचत नाही. सकाळी दहा ते दुपारी एक किंवा संध्याकाळचं विमान असेल आणि दोन्हीकडून सारखी सोय असेल, तर उलव्यासाठी हजार रुपये जास्त गेले तरी मी देईन.

नव्या विमानतळाची सुरुवात देशांतर्गत विमानांनी झाली, पहिले दिवस तर सकाळी 8 ते रात्री 8 एवढंच कामकाज असे. परदेशी कंपन्यांचा वर्षानुवर्षांचा मुक्काम सहारला. वेळापत्रक वाढत-बदलत राहतं, त्यामुळे शेजारच्या काकांच्या मागच्या महिन्यातल्या अनुभवावर विसंबू नका. नवी मुंबईला पहिल्या टप्प्यात एक टर्मिनल आणि 3,700 मीटरची एक धावपट्टी आहे. सहारला धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात असते. उतरताना आकाशात घिरट्या घातल्याचं ज्यांना आठवतं, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

वार बघा. ही गोष्ट मुंबईकरापेक्षा आपल्याला जास्त लागू आहे. रविवारी संध्याकाळी लोणावळ्याला आलेली निम्मी मुंबई परत निघते, आणि आपल्या एअरपोर्टच्या गाडीला तिच्याच मागे घाट उतरायचा असतो. शनिवारी सकाळी याच्या उलट: तीच मुंबई वर चढत असते आणि विमानातून उतरलेले आपण तिच्यात अडकतो. शुक्रवारी संध्याकाळी तर वाकडच्या पुलापर्यंत पोचण्यातच धन्यता. पावसाळ्यात दरडीचं भय वेगळं. जुलै 2015 मध्ये आडोशी बोगद्याजवळ दगड कोसळले होते. घाटासाठी मी नेहमीच एक तास वर धरतो, जून ते सप्टेंबर दीड.

आता ती फजिती. जानेवारीत संक्रांत झाल्यावर भाचा बंगळूरला परत निघाला होता. साडेदहाचं विमान, तिकीट नवी मुंबईचं, मीच काढलेलं. आदल्या रात्री गाडीवाल्याला फोन केला आणि सवयीनं बोलून गेलो, ‘सकाळी सहाला, मुंबई एअरपोर्ट.’ सहाला कोथरूडहून निघालो. ताई पुढे, मी आणि भाचा मागे. खालापूरला चहा झाला आणि मग तिघंही झोपलो. मला जाग आली ती खाडीच्या वासानं. डोळे उघडले तर दोन्ही बाजूंना पाणी, समोर मानखुर्द, घड्याळात आठ पस्तीस. गाडीवाला बिचारा सांगितल्याप्रमाणे सहारला निघालेला. मानखुर्दला वळेपर्यंत पाऊण किलो रक्त आटलं. परत वाशी, बेलापूर, आणि उलव्याला दारात पोचलो तेव्हा नऊ चाळीस. सामानाचं काउंटर एक तास आधी, साडेनऊलाच बंद झालेलं. भाच्याचा बोर्डिंग पास फोनमध्ये होता म्हणून तो पाठीवरची सॅक घेऊन धावला आणि बसला विमानात. मोठी बॅग मात्र आमच्याबरोबर कोथरूडला परत आली. त्यात त्याच्या ऑफिससाठी केलेला तीन किलो तिळगूळ होता. फेब्रुवारी संपेपर्यंत आम्ही गोड बोलत होतो.

तेव्हापासून यादीत दोन कलमं वाढली. वेब चेक-इन घरूनच करायचं, आणि गाडीवाल्याला बोलून नाही तर लिहून कळवायचं: गावाचं नाव, टर्मिनल, नकाशातला पत्ता.

परतीचा विचार जाण्याच्या आधी करा. हे उलटं वाटेल, पण जाताना आपण ताजेतवाने असतो, येताना पेंगुळलेले. स्वतःची गाडी नेऊन पार्किंगला लावणार असाल तर जाणं-येणं एकाच विमानतळावरून हवं. जाताना एनएमआय, येताना बीओएम असं तिकीट स्वस्तात मिळालं, तर उतरल्यावर गाडी पस्तीस-चाळीस किलोमीटर लांब उभी असेल आणि तिचं भाडं तासातासानं चढत असेल. गाडी ठरवून येणार असाल तर हा प्रश्न नाही. एसटीनं यायचं असेल तर सहारहून टॅक्सीनं चेंबूरच्या मैत्री पार्कला या, पुण्याची शिवनेरी तिथे मिळते. उलव्याहून बेलापूरचं कोकण भवन जवळ पडतं. जातानाही हेच: दादरच्या शिवनेरीतून कोकण भवनला उतरायचं आणि पुढे टॅक्सी. एकटा माणूस, एक बॅग, दिवसाचं विमान असेल तर यासारखं स्वस्त काही नाही.

रेल्वेवाल्यांसाठी थोडक्यात. सहारला जायचं तर दादरला उतरून भुयारी मेट्रो, तिचं स्टेशन थेट टी-2 ला आहे. फक्त दादर रेल्वे स्टेशनापासून मेट्रोपर्यंत सामान ओढत पश्चिमेला चालावं लागतं. उलव्याला जायचं तर पनवेलला थांबणारी गाडी बघा. प्रगती एक्स्प्रेस त्याच मार्गानं जाते. दोन मोठ्या बॅगा आणि आजी बरोबर असतील तर यातलं काहीच करू नका.

मुंबईत विमान बदलायचं असेल तर दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर आहेत ना, आणि दोन्हींवर तीच तीन अक्षरं आहेत ना, हे तपासा. वेगवेगळी काढलेली तिकिटं असतील तर पहिलं विमान उशिरा आलं म्हणून दुसरी कंपनी थांबत नाही आणि पैसेही देत नाही. सहारला उतरून उलव्याहून उडायचं असेल तर मध्ये सहा तास तरी ठेवा. मी तर ते तिकीटच काढणार नाही.

हीच नजर पलीकडच्या टोकालाही लावा. मुलगा एडिसनला आणि आईबाबांचं तिकीट ‘न्यूयॉर्क’चं, ही पुण्यातल्या घराघरातली गोष्ट. एडिसन न्यू जर्सीत आहे आणि नेवार्क विमानतळही न्यू जर्सीतच. जेएफके विमानतळ हडसन नदी ओलांडून, मॅनहॅटनच्याही पलीकडे क्वीन्समध्ये. साइटवर दोन्ही न्यूयॉर्कच. टोकियोत हानेडा शहरालगत आणि नारिता साठ-सत्तर किलोमीटर बाहेर. बँकॉकला सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग. घ्यायला येणाऱ्याला विचारल्याशिवाय तिकीट काढू नका, त्याला ट्रॅफिक आपल्यापेक्षा जास्त कळतं. व्हीलचेअर लागणार असेल तर तीही तिकीट काढतानाच मागून ठेवा.

किरकोळ उरलं. फास्टॅगमध्ये पैसे. ओळखपत्रावरचं आणि तिकिटावरचं नाव एकच. डिजियात्रा (चेहरा ओळखून आत सोडणारं ॲप) वापरत असाल तर बोर्डिंग पास आदल्या रात्री ॲपमध्ये चढवा, घाटात रेंज जाते. पोचवायला येणाऱ्यांना आत सोडत नाहीत, त्यामुळे डबे, पाया पडणं, रडणं, सगळं गाडीतच उरकून घ्या.

सकाळी गाडी दारात आली की सामान डिकीत ठेवा, पण झाकण लावू नका. आधी गाडीवाल्याला विचारा, ‘दादा, कुठे जायचंय आपल्याला?’ तो ‘मुंबई’ म्हणाला तर फोन काढून त्याला ती तीन अक्षरं दाखवा. ‘उलवे’ किंवा ‘सहार’ ऐकू आलं की मग डिकी बंद करा.