फोटोतली आग चिकटवल्यासारखी दिसत होती, ती अशी सुधारली

इमारतीच्या फोटोत खिडक्यांना आग लागलेली दाखवायची होती. काळ्या पार्श्वभूमीवरची ज्वाळा त्या फोटोवर फोटोशॉपमध्ये ‘स्क्रीन’ मोडवर (यात काळा भाग दिसेनासा होतो, उजळ तेवढा उरतो) ठेवली, तरी भोवती राखाडी चौकोन उरला. तिथला काळा पुरता काळा नव्हता. लेव्हल्समधला (गडद-उजळपणा ठरवणारी सोय) डावा, म्हणजे काळ्याचा, स्लायडर १५-२०पर्यंत सरकवताच चौकोन गेला. भर दुपारच्या फोटोत मात्र स्क्रीनमधली आग फिकीच पडते; आधी कर्व्हजने (उजेड कमी-जास्त करणाऱ्या वक्ररेषेने) इमारत गडद करावी लागली. मग मास्क (नको तो भाग झाकणारा थर) लावून ज्वाळा खिडकीच्या आत ढकलली आणि चौकटीच्या आतल्या कडांवर मऊ ब्रशने नारिंगी झळाळी दिली: ‘लिनिअर डॉज’ (खालचा रंग उजळवणारा मोड), साधारण ३० टक्के तीव्रतेने. खिडकीच्या वर काजळी ‘मल्टिप्लाय’मध्ये (खालचा भाग गडद करणारा मोड), तिच्याशिवाय सगळं खोटं वाटतं. काळा धूर स्क्रीनमध्ये दिसतच नाही, म्हणून तो ‘नॉर्मल’ या साध्या मोडवर, मास्कसह. धुराचा तळ तांबूस केला, आणि सगळ्या खिडक्यांतला धूर एकाच दिशेला वळवला.