जीएम पिकांविषयी शेतकऱ्यांचे मत कसे अजमावावे

जनुकीय बदल केलेल्या, म्हणजेच जीएम पिकांबद्दल शेतकऱ्यांना काय वाटते याची पाहणी करायची असेल, तर "तुम्ही जीएम पिकांच्या बाजूचे की विरोधातले?" हा प्रश्न प्रश्नावलीतून आधी खोडून टाकावा. या प्रश्नाला उत्तर मिळते, पण ते बहुधा ऐकीव चर्चेवरचे असते. शेतकऱ्याला प्रत्यक्षात निर्णय घ्यावा लागतो तो बियाण्याच्या पाकिटाबाबत, आणि त्या निर्णयात कीड, तण, मजुरी, उधारी आणि माल कोण घेणार या सगळ्यांचा हिशेब असतो. म्हणून मत विचारायचे ते एका पिकाबद्दल, त्यातल्या एका गुणधर्माबद्दल आणि शक्यतो एका हंगामाबद्दल.

गुणधर्म वेगळा काढणे सर्वांत महत्त्वाचे आहे. बीटी वाणात मातीतल्या एका जिवाणूचे जनुक असते; त्यामुळे पिकातच असे प्रथिन तयार होते की जे खाल्ल्यावर ठरावीक अळ्या मरतात, मात्र मावा-तुडतुड्यांसारख्या रसशोषक किडींवर त्याचा परिणाम होत नाही. तणनाशक सहन करणारे वाण वाचवते ते खुरपणीचे कष्ट. हवाईमध्ये 1998 पासून लावली जाणारी विषाणूरोधक पपई ही आणखी तिसरीच गोष्ट. हे सगळे "जीएम" या एकाच रकान्यात कोंबले, तर हाती येणारी सरासरी कोणाचेच मत सांगत नाही. शिवाय एकाच घरात उत्तरे वेगळी असू शकतात: खुरपणीचा खर्च देणाऱ्याला तणनाशक-सहनशील वाण सोयीचे वाटेल, खुरपणीच्या मजुरीवर घर चालवणाऱ्या बाईला वाटेलच असे नाही, आणि स्वतःच्याच शेतात दिवसभर खुरपत बसणारी बाई कदाचित ते आनंदाने स्वीकारेल. त्यामुळे बायकांना वेगळे बसवून विचारावे. कर्त्या पुरुषाच्या उत्तरात त्यांचे उत्तर आले असे धरू नये.

यानंतर, उत्तर देणारा नेमके कशाविषयी बोलतो आहे याची खातरजमा करावी. "या बियाण्याचे बी धरता येत नाही, दरवर्षी विकत घ्यावे लागते" ही तक्रार हमखास ऐकू येते, पण तिच्यामागे निरनिराळी कारणे असतात. भारतात बीटी कापूस 2002 मध्ये मंजूर झाला आणि तो मुख्यतः संकरित वाणांतच विकला गेला; तिथे ही तक्रार खरे तर संकराविषयीची आहे, कारण बिगर-जीएम संकरित वाणाचेही बी धरले तर पुढची पिढी एकसारखी येत नाही. बांगलादेशात 2014 पासून शेतात आलेली बीटी वांगी सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणांची असल्याने त्यांचे बी धरता येते. अमेरिकेतल्या जीएम सोयाबीनचे बी धरले तर उत्तम उगवेल, पण पेटंट आणि करार आड येतात. अशाच एका वादात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये बियाणे कंपनीच्या बाजूने निकाल दिला. आणि बी उगवूच नये अशी योजना असलेले तथाकथित टर्मिनेटर बियाणे बाजारात कधी आलेच नाही. म्हणून मुलाखतीत "बी का धरता येत नाही असे तुम्हाला वाटते?" असा जोडप्रश्न ठेवावा. उत्तर चुकीचे असले तरी तिथेच दुरुस्त करू नये. एकदा शिकवायला सुरुवात केली की पुढची सगळी उत्तरे तुम्हाला खूश करण्यासाठी येऊ लागतात.

शेतात काय उभे आहे हेही पाहिले पाहिजे. गुजरातमध्ये 2001 साली, म्हणजे मंजुरीच्या आधीच, हजारो हेक्टरांवर बीटी कापूस आढळला होता. ब्राझीलच्या दक्षिण भागात परवानगीपूर्वी अर्जेंटिनातून चोरून आणलेले जीएम सोयाबीन पेरले जात होते. म्हणजे तोंडी उत्तर आणि पेरणी यांचा मेळ बसेलच असे नाही, आणि कित्येकदा आपण काय पेरले हे खुद्द शेतकऱ्यालाही ठाऊक नसते. परवानगी मिळाल्यास पट्टी-चाचणी करावी: पानाचा लहानसा तुकडा नळीतल्या द्रावणात चिरडायचा, पट्टी बुडवायची आणि काही मिनिटे थांबायचे, एकच रेघ उमटली तर जीएम वाणात तयार होणारे ते प्रथिन नाही, दोन उमटल्या तर आहे, आणि एकही उमटली नाही तर चाचणीच फसली. प्रत्येक प्रथिनाची पट्टी वेगळी असते, हे विसरू नये. जिथे लागवड बेकायदा आहे तिथे मात्र नाव, गट क्रमांक, छायाचित्र यांपैकी काहीही नोंदवू नये आणि "तुम्ही पेरले का?" असे न विचारता "या भागातल्या दहा शेतकऱ्यांपैकी किती जण पेरत असतील?" असे विचारावे. पाहणीपायी कोणावर गुन्हा दाखल होणार असेल, तर ती पाहणी न केलेली बरी.

बाजाराचा प्रश्न बहुतेक प्रश्नावल्यांतून सुटतो, तो सोडू नये. बुर्किना फासोमध्ये 2008 पासून बीटी कापूस आला, फवारण्या घटल्या, शेतकरी समाधानी होते. पण धाग्याची लांबी कमी भरू लागल्याने कापूस कंपन्यांना भाव मिळेना आणि 2016 पर्यंत ते बियाणे मागे घेण्यात आले. उत्तर अमेरिकेत भुंगेऱ्याला तोंड देणारा जीएम बटाटा मोठ्या खरेदीदारांनी नाकारल्यावर 2001 मध्ये बंद झाला. त्यामुळे "खरेदीदाराने माल नाकारला किंवा भाव कापला तर पेराल का?" हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा. उत्तर नुसते हो-नाही घेण्यापेक्षा बियाण्याची किंमत, फवारण्यांची संख्या आणि विक्रीची हमी यांच्या निरनिराळ्या जोड्या कार्डांवर लिहून त्यांतून निवड करायला सांगितल्यास शेतकरी कशासाठी काय सोडायला तयार आहे हे उघड होते.

मोजपट्टी पाच पायऱ्यांची चालेल, पण "माहीत नाही" हा पर्याय मधल्या पायरीबाहेर वेगळा ठेवावा. ऐकलेलेच नसणे आणि विचार करून तटस्थ राहणे यांत फार अंतर आहे. पाहणीची वेळही नोंदवावी, कारण अळी पडलेल्या आठवड्यात आणि काढणीनंतर एकच माणूस वेगळे बोलतो. भारतात गुलाबी बोंडअळी बीटी प्रथिनांना दाद देईनाशी झाल्यावर पहिल्या काही वर्षांतले समाधान ओसरले, तेव्हा जुन्या पाहणीचा आकडा आजचा म्हणून वापरता येत नाही. शक्य असेल तर त्याच लोकांकडे पुढच्या पेरणीआधी पुन्हा जावे, आणि या वेळी मत विचारण्याआधी कोणते पाकीट घेतले ते विचारावे.