होडी अर्धी बांधून झाल्यावर ‘एवढं जरा बदलू’ म्हणताय? या चुका टाळा

सांगाडा उभा राहून फळ्या बसल्या की मालक आत शिरतो आणि म्हणतो, “ही मधली भिंत काढली तर केबिन केवढी मोकळी होईल!”

काढू नका. होडीतलं बल्कहेड, म्हणजे ही आडवी भिंत, घरातलं पार्टिशन नव्हे. डोलकाठीच्या तारा होडीच्या दोन्ही कडा वर खेचतात, काठी तेवढ्याच जोराने खाली दाबते, आणि ही ओढाताण काठीजवळचं बल्कहेड सोसतं. त्यातला दरवाजा चार बोटं रुंद करायचा असला तरी आधी डिझायनरला विचारा. काठी डेकवर टेकणारी असेल तर तिच्या बरोबर खाली, थेट कीलपर्यंत (होडीच्या तळाच्या कण्यापर्यंत), खांब लागतो. टेबलाच्या आड येतो म्हणून तो फूटभर सरकवलेला मी पाहिलाय. तारा कितीही ताणा, पुन्हा सैल. डेक खचत होता, तारांचा दोष नव्हता.

मग काठीच मागे घेऊ? शिडांवरच्या वाऱ्याच्या जोराचा मध्य तिच्याबरोबर मागे जातो, होडी सारखी वाऱ्याकडे तोंड फिरवते आणि सुकाणू धरून हात भरून येतात. एका काठीच्या आराखड्यात मागे दुसरी छोटी काठी घुसडली तरी हाच घोळ. झालंच असेल तर आधी काठीचा मागचा कल कमी करून पाहा. नाहीच जमलं तर बोस्प्रिट, म्हणजे होडीच्या टोकापुढे जाणारा दांडा, काढून शीड पुढे न्यावं लागतं, आणि तो खर्च मोठा.

वजनाचं गणित सोपं, पण करतं कोण? १८ मिमी मरीन प्लायचा ८ बाय ४ फुटी ताव सहज ३० किलोचा असतो. कपाटांना ९ मिमी पुरे. २०० लिटरची पाण्याची टाकी भरली की २०० किलो, म्हणून ती मध्यावर आणि तळाशी हवी, नाळेत म्हणजे पुढच्या टोकाला नको. पाण्यात उतरल्यावर होडी एका अंगाला कललेली दिसली तर ओटा, टाकी, बॅटऱ्या एकाच बाजूला आल्यात का बघा. त्यातल्या त्यात बॅटऱ्या हलवणं सोपं.

आतलं अस्तर गच्च बंद करू नका. लाकडाला खाऱ्या पाण्यापेक्षा डेकमधून झिरपणारं पावसाचं पाणी जास्त कुजवतं, आणि कोकणात ते चार महिने झिरपतं. पट्ट्यांमध्ये बोटभर फट ठेवा, प्लायच्या कापलेल्या कडा इपॉक्सीने भरा, कीलच्या बोल्टांपर्यंत पान्हा पोचू द्या.

गोव्यात ‘म्हादेई’ ही शिडाची होडी बांधली जात असताना, पुढे तिच्यातून एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे दिलीप दोंदे त्या कामात स्वतः उतरले होते. तेवढं जमत नसेल तर निदान पुठ्ठ्याचा ओटा नि झोपायचे बंक उभे करा आणि अंग एका बाजूला कलवून तिथे चहा करून बघा.